दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी घरच्या सगळ्यांचा फोटो: कुणाला कुठं बसवायचं, कुणाला कुठं उभं करायचं

दिवाळीचं शुभेच्छापत्र छापायचं तर त्यावरचा फोटो दिवाळीआधी काढावा लागतो, आणि घरातली सगळी माणसं एकत्र येतात ती दिवाळीलाच. सातारा जिल्ह्यात हा पेच जरा जास्तच असतो. एक भाऊ पुण्यात, दुसरा मुंबईत, पुतण्या फौजेत, लेक सासरी कराडला. म्हणून कॅमेरा, कपडे, जागा यांच्या आधी तारीख ठरवा.

मला विचाराल तर दसऱ्यासारखा दिवस नाही. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण २० दिवस हातात राहतात. तेवढ्यात फोटो निवडून, छापून, पाकिटात घालून टपालात पडतो. पाऊस बहुतेक ओसरलेला असतो आणि डोंगरांवर हिरवळ टिकून असते. गौरी-गणपतीला माणसं जास्त जमतात खरी, पण त्या दिवसांत आपल्याकडं सर कधी येईल याचा नेम नाही. शिवाय गौरीजेवणाच्या दिवशी घरातल्या बायकांना दहा मिनिटंही उसंत नसते. तरी फौजेतल्या मुलाची सुट्टी गणपतीतच असेल तर गणपतीतच काढा. ज्याची सुट्टी सगळ्यात अवघड, त्याच्या तारखेशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं.

कुणाला येताच आलं नाही, तर कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा कापून मध्ये चिकटवू नका. उजेडाची दिशा जुळत नाही, अंगाचा आकार जुळत नाही, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथंच अडकते. त्याच्याकडून त्याचा एकट्याचा चांगला फोटो मागवा आणि कार्डाच्या मागच्या बाजूला छापा.

घरातलं कुणी गेलं असेल तर बरीच घरं त्या वर्षी सण करत नाहीत. पुढच्या वर्षी मात्र पुष्कळदा आजींना आजोबांची तसबीर मांडीवर घेऊन बसायचं असतं. जरूर बसवा. तसबिरीच्या काचेवर आभाळ चमकतं, म्हणून तिची वरची कड किंचित पुढं झुकवायला सांगा. काचेत जमीन दिसू लागली की आतला चेहरा स्पष्ट होतो.

जागा: आधी स्वतःचं घर बघा

बाहेरगावी राहणाऱ्या नातवंडांना वीस वर्षांनी आठवणार आहे ते घराचं जोतं, तुळशीवृंदावन, पडवीचे लाकडी खांब. त्यामुळे घरात अशी एखादी जागा असेल तर गाडी काढायची गरज नाही. पडवीत उजेडही फार चांगला मिळतो. डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरून ऊन पडत नाही आणि समोरच्या अंगणातून मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो. माणसांना पडवीच्या पुढच्या कडेपासून दोन-तीन फूट आत ठेवा, अंगणाकडं तोंड करून, आणि तुम्ही अंगणात उभे राहा. फार आत नेलं तर चेहरे काळवंडतात.

शेत असेल तर उसाच्या कडेला उभं राहायला हरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उभा ऊस दाट, गडद हिरवा असतो आणि त्यापुढं मरून, पिवळ्या, मोरपंखी साड्या उठून दिसतात. माणसं उसापासून सहा-सात फूट पुढं घ्या, म्हणजे पाती डोक्यातून उगवल्यासारखी दिसणार नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीचा विचार करावा. पाण्याची टाकी आणि केबलच्या तारा टाळून एखादी बाजू मिळते का, ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

बाहेर जायचंच असेल तर मेणवलीचा घाट मला सगळ्यात सोयीचा वाटतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या काठावर दगडी पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांवर माणसं बसवली की निम्मी मांडणी आपोआप होते. एकाच पायरीवर सगळ्यांना मात्र बसवू नका. प्रत्येकाला वेगळी पायरी द्या आणि गुडघे एका बाजूला वळवायला सांगा. कॅमेऱ्याकडं रोखलेले गुडघे चेहऱ्यांपेक्षा जवळ येतात आणि मोठे दिसतात.

संगम माहुली साताऱ्याला जवळ. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडाची देवळं, रुंद घाट. पण तिथं अंत्यविधीही होतात, त्यामुळे पोहोचल्यावर आधी एकट्यानं जाऊन घाटावर नजर टाकायची आणि कुणाचं दुःखाचं काम चालू असेल तर मुकाट्यानं माघारी यायचं. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकावरून खाली पसरलेलं शहर दिसतं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी मिळेल. अजिंक्यतारा किल्ल्यावर म्हाताऱ्या माणसांना चढावाचा त्रास होतो, त्यामुळे तो तरुण जोडप्यांसाठी ठेवा. लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहण्यासारखी आहे, पण आत उजेड फार कमी आणि उतरायला पायऱ्या, त्यामुळे बाराजणांचा गोतावळा तिथं नेऊ नये.

कासच्या फुलांच्या पठाराबद्दल कळकळीनं सांगते. पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर २०१२ साली हे पठार युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. दसऱ्यापर्यंत तिथला बहर बहुतेक ओसरलेला असतो, आणि तो असतानाही फुलांत बसून फोटो काढणं हा त्या फुलांवर अन्याय आहे. तुडवलेलं झाड बी धरत नाही. सुक्या सोनेरी गवताची पार्श्वभूमी हवी असेल तर ती दिवाळीच्या सुमारास कुठल्याही माळावर मिळते.

उजेड: डोंगराचं घड्याळ वेगळं चालतं

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं सूर्य साधारण सहाच्या आसपास मावळतो. पण साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आहे. डोंगराच्या पायथ्याकडच्या पेठांतून ऊन त्याच्या बरंच आधी निघून जातं, आणि पूर्वेला कोरेगाव रस्त्याकडं, माहुलीकडं ते अजून रेंगाळत असतं. त्यामुळे ‘संध्याकाळी साडेपाचला जमू’ असं नुसतं ठरवून चालत नाही. आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी उभं राहून बघा. ऊन कुठून येतं, कधी सरतं, कुणाची सावली कुठं पडते, हे तुमच्या तुम्हाला कळेल.

संध्याकाळी चार ते साडेपाच किंवा सकाळी सात ते साडेआठ या वेळा चांगल्या. ऊन असेल तर माणसांची पाठ उन्हाकडं करा. तोंड उन्हाकडं केलं की सगळे डोळे बारीक करतात, आणि ज्यांच्या चष्म्याची काच उन्हात काळी होते त्यांचे डोळेच दिसेनासे होतात. पाठीमागून ऊन आलं की केसांना आणि खांद्यांना उजळ कड मिळते आणि चेहरे शांत राहतात. चेहरे फार गडद वाटले तर दोघांना एक पांढरी चादर ताणून फोटोच्या चौकटीबाहेर, समोर खाली धरायला सांगा. उजेड परतून हनुवटीखाली पोचतो.

आंब्याच्या झाडाखालची सावली फसवी असते. पानांतून कवडसे पडतात, कुणाच्या कपाळावर, कुणाच्या नाकावर, आणि ते नंतर काढता येत नाहीत. झाड घ्यायचं तर इतकं दाट घ्या की खाली कवडसा पडणार नाही, किंवा त्या झाडाच्या सावलीच्या कडेला उभे राहा.

कपडे: साडीपासून सुरुवात

घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं कुठली साडी नेसायची ठरवली आहे, ते आधी विचारा. त्या साडीत जे दोन-तीन रंग असतील, त्यांच्यातून बाकीच्यांनी निवडायचं. आजींची हिरवी पैठणी, तिचे काठ जांभळे. मग एका सुनेला जांभळा, दुसरीला मोतिया, मुलांना फिकट पिस्ता किंवा बदामी, पोरींना जरीच्या रंगाचं काही. सगळ्यांनी एकसारखे कुडते घालण्याची पद्धत हल्ली फार दिसते. मला ती आवडत नाही. त्यात माणसं एकमेकांत मिसळून जातात आणि कोण कुणाचं हेच कळत नाही.

पांढराशुभ्र कुडता उन्हात फटफटीत होतो, त्यापेक्षा मोतिया बरा. फार भडक रंगाची झाक हनुवटीवर पडते. अगदी बारीक रेघांच्या नाहीतर चौकड्यांच्या शर्टावर फोटोत लाटांसारखी नक्षी उमटते, म्हणून तो नको. आजोबा रोज टोपी किंवा पटका घालत असतील तर तो हवाच, फक्त टोपी दोन बोटं मागं सरकवा म्हणजे कपाळावर सावली पडणार नाही. जे कधीच फेटा बांधत नाहीत त्यांना फोटोपुरता बांधला की मान अवघडते आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

चपलांचं आधी ठरवा. सगळे अनवाणी, नाहीतर सगळ्यांच्या पायात नीट काही. घाटावर आणि तुळशीपुढं अनवाणीच शोभतं. खिशातले फोन, किल्ल्या, पाकिटं एका पिशवीत गोळा करा. मंगळसूत्र सरळ आहे का, पदराची पिन दिसत नाही ना, लहान पोरीच्या मनगटात केसांचा रबर राहिला नाही ना, हे बघायला घरातल्या एका पोक्त मुलीला नेमा. ती हे तुमच्यापेक्षा नीट बघते.

मांडणी: सगळ्यात मोठं माणूस आधी बसवा

आपल्याकडं ग्रुप फोटो म्हटलं की माणसं आपण होऊन ओळीत उभी राहतात, उंच मागं आणि बुटकी पुढं, हात खाली सोडून. त्यातून हजेरी लागते, नाती दिसत नाहीत. माझी पद्धत अशी की आधी घरातलं सगळ्यात वयस्क माणूस बसवायचं आणि मग त्याच्याभोवती एकेक नातं लावत जायचं.

खुर्ची प्लॅस्टिकची नको, लाकडी असेल तर उत्तम. नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्वच्छ घोंगडी किंवा सतरंजी टाका. आजोबांना खुर्चीत मागं रेलू देऊ नका, पुढच्या कडेला बसवा. पाठ सरळ होते, पोट आत जातं, मान लांब दिसते. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले हवेत. काठी असेल तर लपवू नका. दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले की आजोबांचा रुबाब दिसतो आणि हातांचं काय करायचं हा प्रश्नही सुटतो. आजींचे हात मांडीवर, एकावर एक, बोटं सैल.

आता बाराजणांचं एक घर धरू. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, लेक, जावई आणि चार नातवंडं.

आजी-आजोबांच्या खुर्च्या मध्यभागी, एकमेकींना चिकटून, दोन्ही किंचित आत वळवलेल्या. लेकीला बहुतेक फोटोंत कडेला ढकललेलं असतं, ती पाहुणी म्हणून. तसं करू नका. तिला आजींच्या गुडघ्याशी एका बुटक्या स्टुलावर बसवा, आईच्या बाजूला खांदा टेकवून. तिच्या मागं जावई उभे. आजोबांच्या दुसऱ्या अंगाला सगळ्यात मोठा नातू किंवा नात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वाकून. म्हणजे एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला मोठं नातवंड असा तोल साधतो. मागं पाचजण उभे: आजोबांच्या बाजूनं थोरली सून, थोरला, धाकटी सून, धाकटा आणि शेवटी लेकीच्या मागचे जावई. बाई-माणूस आलटून-पालटून आल्यामुळं उंची आपोआप वर-खाली होते. सगळ्यात धाकटं नातवंड आजोबांच्या मांडीवर. उरलेली दोन पुढं जमिनीवर, पाय एका बाजूला घेऊन, एकमेकांकडं अर्धी वळलेली.

आता डोकी बघा. कुणाचंही डोकं दुसऱ्याच्या थेट डोक्यावर यायला नको. मागच्याचं तोंड पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत दिसायला हवं. शेजारी-शेजारी असलेल्या दोघांचे डोळे एकाच रेषेत आले तर एकाला अर्धं पाऊल मागं घ्या किंवा पायाखाली पाट द्या. मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरतं, असा साधारण त्रिकोण झाला की पुरे. मोजमाप करत बसू नका.

उभ्या माणसांना खांदे कॅमेऱ्याकडं सरळ रोखून उभं राहू देऊ नका. अंग किंचित मधोमध असलेल्या आजी-आजोबांकडं वळवायचं, चेहरा मात्र कॅमेऱ्याकडं. भार मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. एवढ्यानं अंगाची रुंदी कमी दिसते आणि माणसं एका कुटुंबाकडं वळलेली वाटतात. कडेच्या दोघांना विशेष सांगा. ते हमखास बाहेर कलतात. “दाजी, जरा आत या. वहिनींच्या बाजूला. अजून थोडं.”

दोन डोक्यांत एका वितीपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्यक्षात माणसं दाटीवाटीनं उभी वाटतात, तीच फोटोत मोकळी दिसतात. तुम्हाला जितकं जवळ योग्य वाटतं, त्याहून अर्धं पाऊल आणखी जवळ घ्या.

घर चौघांचंच असेल तर काम सोपं नसतं, उलट अवघड होतं. बाराजणांत एखाद्याचा अवघडलेपणा झाकून जातो, चौघांत तो उघडा पडतो. आई-बाबा दोन टोकांना आणि मुलं मध्ये, ही मांडणी टाळा. त्यात नवरा-बायको दूर जातात. आई-बाबांना जवळ घ्या, खांद्याला खांदा. मोठं मूल आईच्या पुढ्यात, लहान बाबांच्या कडेवर. किंवा सगळेच जोत्यावर बसा, बाबा वरच्या पायरीवर, आई एक पायरी खाली त्यांच्या गुडघ्याला टेकून, मुलं त्याहून खाली.

वीस-पंचवीसांचा भावकीचा फोटो असेल तर आधी प्रत्येक घराचा आपापला छोटा गट करा आणि मग ते गट आजी-आजोबांभोवती आणून लावा. वीस सुट्या माणसांना जागा वाटत बसलात तर पहिल्याला जागा मिळेपर्यंत शेवटचा कंटाळलेला असतो.

हात आणि जवळीक

चांगल्या आणि बऱ्या फोटोतला फरक बहुतेक हातांत असतो. माझा नियम साधा आहे: फोटोतल्या प्रत्येकाचा कुणाला ना कुणाला स्पर्श झाला पाहिजे.

आता आपल्या घरांत तरणाताठा मुलगा बापाला मिठी मारत नाही. सून सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवत नाही. नवरा-बायकोही वडीलधाऱ्यांसमोर हात धरून उभी राहत नाहीत. हे बदलायला लावू नका. जबरदस्तीनं केलेला लाड फोटोत कळतो. प्रत्येक नात्याला सोसेल एवढी जवळीक शोधा. मुलाचा हात वडिलांच्या खुर्चीच्या पाठीवर आणि अंगठा हलकेच त्यांच्या खांद्याला लागलेला, इतकं पुरतं. सुनेचा हात सासूबाईंच्या दंडाशी. सासऱ्यांच्या मांडीवर बसलेल्या आपल्या पोराचा हात सुनेनं धरला की तीही त्या वर्तुळात येते. नवरा-बायकोचे खांदे एकमेकांवर चढलेले असले की हात दिसायची गरज नाही.

ज्यांच्या हातांना काम नाही त्यांना काम द्या. पणत्यांचं ताट, करंज्यांची परात, आकाशकंदील धरणारा नातू, रांगोळीची वाटी. सगळ्यांच्या हातात काहीतरी आलं की फोटो दुकान मांडल्यासारखा होतो, तेव्हा एखाद-दुसरी वस्तूच ठेवा. हात पुढं जोडून किंवा पाठीमागं बांधून मात्र कुणी उभं राहू नये. आणि कुणाचाही हात नुसता बोटांनीच दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावत असेल तर तो पूर्ण टेकवा किंवा काढा. चार सुटी बोटं विचित्र दिसतात.

लहान बाळ असेल तर वेळ बाळाची. पाजून, ढेकर काढून, झोप झालेली असताना. आईनं बाळाला छातीशी धरताना त्याचं तोंड बाहेर, उजेडाकडं करावं. आजी-आजोबा आणि बाळ यांचे फोटो सगळ्यात आधी उरकून घ्या, कारण दोघंही लवकर दमतात. चार-पाच वर्षांची पोरं पंधरा मिनिटांच्या वर एका जागी टिकत नाहीत. त्यांना अगदी शेवटी, बाकीचे सगळे जाग्यावर बसल्यानंतर आणून लावा.

कॅमेरा आणि फोन

फोनवर काढत असाल तर सगळ्यांना मावून घेण्यासाठी अर्ध्या पटीची रुंद लेन्स वापरू नका. कडेची माणसं ताणली जातात, जाड दिसतात, डोकी लांबट होतात. त्याउलट दुप्पट झूम लावा आणि बारा-पंधरा फूट मागं जा. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथंच बांधला जातो. कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स, दोन-तीन ओळी असतील तर अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, दोघा-चौघांसाठी एफ ४ किंवा ५.६. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, पोरं हलतात. दोन ओळी असतील तर पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर फोकस, तीन असतील तर मधल्या.

कॅमेऱ्याची उंची उभ्या माणसांच्या छातीएवढी ठेवा. मोठा गोतावळा असेल तर स्टुलावर चढा आणि सगळ्यांना किंचित वर बघायला लावा. मागच्या ओळीचे चेहरे मोकळे होतात आणि हनुवट्याही सुधारतात.

फोटो काढणारा स्वतः घरातलाच असेल तर त्याची जागा उभ्या ओळीच्या कडेला मोकळी ठेवा, स्टँड लावा आणि हातात मावणारा ब्लूटूथ रिमोट घ्या. टायमर लावून धावत येणाऱ्याचा चेहरा धापा टाकतानाचा येतो. रिमोट नसेल तर शेजारच्या पोराला बोलवा, चौकट तुम्ही ठरवून द्या आणि त्यानं फक्त बटण दाबायचं.

डोळे मिटण्याचा प्रश्न गणितानं सोडवलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी किती फोटो काढले म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील याचा हिशेब मांडला. त्यासाठी त्यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीननं भागा, उजेड कमी असेल तर दोननं. म्हणजे बाराजणांचे चार फोटो, उजेड कमी असेल तर सहा. हा हिशेब फक्त पापण्यांचा आहे. पोरांचे चेहरे, वाऱ्यावरचे पदर आणि मध्येच बोलणारे काका धरले तर प्रत्येक मांडणीचे त्याच्या तिप्पट फोटो काढा.

चेहरे

सूचना देणारा आवाज एकच हवा. कॅमेऱ्यामागं आत्या, मावशी, शेजारीण आपापले फोन घेऊन उभ्या राहिल्या की अर्धे इकडं बघतात, अर्धे तिकडं. त्यांना नम्रपणे सांगा, “मावशी, माझं झालं की तुम्हाला पाच मिनिटं देते.” आणि खरंच द्या.

‘स्माइल’ म्हणून हसवलेले ओठ ताणलेले येतात. त्याऐवजी सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा आणि उघडताक्षणी बटण दाबा. चेहरे ताजे येतात, डोळेही उघडे मिळतात. नातवाला आजोबांच्या कानात काहीतरी सांगायला लावा. आजोबा नातवाकडं बघून हसतात आणि बाकीचे आजोबांकडं बघून.

जुन्या पिढीला फोटोत गंभीर बसायची सवय आहे. स्टुडिओत जाऊन वर्षातून एखादा फोटो काढायचा त्या काळातली ती शिस्त. आजोबांना हसायचं नसेल तर नका हसवू. दात नसल्यामुळं आजी तोंडाला पदर लावत असतील तर तसाही एक फोटो घ्या, तो पुष्कळदा सगळ्यात जिवंत निघतो. चष्म्यावर चमक दिसली तर चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

ठरलेला मोठा फोटो झाला की लगेच पांगू देऊ नका. त्याच जागी, माणसं कमी करत जा. आधी आजी-आजोबा आणि सगळी नातवंडं. मग आजी-आजोबा आणि त्यांची तीन मुलं, सुना-जावई बाजूला. मग एकेक जोडपं. मग सुना-सुना आणि लेक. शेवटी फक्त आजी-आजोबा, आणि त्या वेळी बाकीच्यांना चहाला आत पाठवा. सगळ्यांसमोर एकमेकांकडं बघायला ती दोघं लाजतात.

पणत्यांच्या उजेडातला फोटो

हा वेगळा फोटो आहे, त्याची वेळ वेगळी. सूर्य मावळल्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं आणि तेव्हाच पणत्यांचा पिवळा उजेड चेहऱ्यावर दिसतो. पूर्ण अंधार झाला की चेहरे आणि ज्योती सोडून बाकी सगळं काळं होतं. अंगणातली ट्यूबलाइट बंद करा. एका पणतीनं काही होत नाही, पंधरा-वीस पणत्या ताटात किंवा पायरीवर दाटीनं लावा आणि माणसं त्यांच्या जवळ बसवा. फोन स्टँडवर हवाच, शटर १/३० किंवा १/६०, आणि सगळ्यांनी दोन श्वास स्तब्ध राहायचं. म्हणून यात लहान पोरं कमी ठेवा.

पणत्यांजवळ पदर मोकळा सोडू नका, कमरेला खोचा. फुलबाजी हातात द्यायची तर पोरांच्या अंगावर सुती कपडे हवेत, पायात चप्पल, शेजारी पाण्याची बादली आणि एक मोठं माणूस फक्त तेवढ्याच कामावर.

निवड, छपाई, टपाल

फोटो निवडताना प्रत्येकजण आधी स्वतःला बघतो, त्यामुळे सगळ्या घराला एकदम फोन दाखवू नका. तुम्हीच तीन-चार फोटो निवडून बाजूला काढा आणि आजी-आजोबांचे चेहरे ज्यात सगळ्यात बरे आले आहेत तो घ्या. कार्ड त्यांच्या नावानं जातं.

५ बाय ७ इंचाच्या कार्डाला छपाईसाठी १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात, आणि आजचा कुठलाही साधा फोन तेवढे देतो. पण प्रेसवाल्याला फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की तो दाबून लहान होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. फोनचा फोटो ४:३ आकाराचा, कार्ड ७:५, त्यामुळे आडव्या फोटोत वरून-खालून थोडं कापलं जाणार. डोक्यांवर आणि पायांखाली जागा आधीच सोडलेली असेल तर कुणाची टोपी उडणार नाही. ‘शुभ दीपावली’ची अक्षरं चेहऱ्यांवर येऊ नयेत म्हणून एका बाजूला भिंत किंवा आभाळ मोकळं ठेवून एक फोटो मुद्दाम काढून ठेवा. पार्श्वभूमीचा रंग कडेपर्यंत छापायचा तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा लागतं, प्रेसवाला ते मागेलच.

नावं छापताना थोरल्यापासून क्रम लावा, लेक-जावयांची नावंही त्यातच घ्या, आणि छपाईच्या आधी ती घरातल्या दोघांकडून वाचून घ्या. एकाच घरात ‘ऋतुजा’ आणि ‘रुतुजा’ दोन्ही लिहिणारे असतात. सगळी कार्डं मागवण्याआधी एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. फोनच्या पडद्यावर उजळ वाटलेला फोटो कागदावर गडद येतो, तेव्हा तो थोडा उजळ करून घ्यावा लागतो.

५६ एपीओ किंवा ९९ एपीओ अशा फौजी टपालाच्या पत्त्यावर जाणारी कार्डं सगळ्यात आधी टपालात टाका. पलटणीतल्या पत्त्यावर पोचायला गावातल्यापेक्षा जास्त दिवस लागतात, आणि तिथं ते कार्ड दिवाळीच्या आधी हातात पडायला हवं. जवळच्या भावकीला आणि शेजाऱ्यांना फराळाच्या डब्याबरोबर दिलं तरी चालतं.